दारावर पाटी नसलेली घरं: ब्रिटनच्या केअरच्या कामातली पिळवणूक कशी चालते आणि कुठे अडवता येते

ब्रिटनमधल्या कुठल्याही साध्या गल्लीत ‘सपोर्टेड लिव्हिंग’चं घर असू शकतं आणि शेजाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. दारावर पाटी नाही, रिसेप्शन नाही, कुणाच्या अंगावर गणवेश नाही. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा जुना मानसिक आजार असलेली दोन-तीन माणसं तिथं भाडेकरू म्हणून राहतात. भाडेकरार त्यांच्या नावावर, किल्ली त्यांच्याकडे. औषधं, आंघोळ, स्वयंपाक, बँकेची कामं, बाजारहाट यांत मदत करायला सपोर्ट वर्कर येतात, कुणाकडे आठवड्याला दहा तास तर कुणाकडे चोवीस तास. पैसे बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिल देते.

कल्पना चांगली आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात छुपा कॅमेरा नेला आणि अक्षम रुग्णांना कर्मचारी कसे मारतात, छळतात हे देशाने टीव्हीवर पाहिलं. अकरा कर्मचारी दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. मोठ्या संस्थांतून माणसं बाहेर काढून त्यांना आपल्या घरात राहू द्या, या धोरणाला त्यानंतर जोर आला. पण संस्थेच्या भिंती गेल्या तशा तिथल्या चार लोकांच्या नजराही गेल्या. आता घरात एक वर्कर, एक-दोन रहिवासी आणि बंद दार.

तपासणीचंही तसंच. इंग्लंडमध्ये केअर होम असेल तर इमारत आणि सेवा दोन्ही केअर क्वालिटी कमिशनच्या, म्हणजे सीक्यूसीच्या कक्षेत येतात. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये सीक्यूसी पाहते ती फक्त वैयक्तिक काळजी: आंघोळ, कपडे, भरवणं. घर वेगळ्या मालकाचं असतं, त्यामुळे ते तिच्या कक्षेत नाही. आणि एखादी संस्था अंगाला हात लागेल असं काहीच करत नसेल, नुसती सोबत आणि बिलं भरायला मदत एवढंच देत असेल, तर तिला सीक्यूसीची नोंदणीही लागत नाही.

अशा घरात दोघांची पिळवणूक होऊ शकते, रहिवाशाची आणि वर्करची. या दोन्हींवरचे लेख, प्रशिक्षणं, पोस्टर वेगवेगळी निघतात. मला ते चुकीचं वाटतं, कारण रहिवाशाच्या बाबतीत काही वाकडं घडतंय हे ज्याला सर्वांत आधी दिसतं तो वर्करच असतो. त्याची स्वतःचीच मान कुणाच्या मुठीत असेल तर तो तोंड उघडत नाही.

कायदा कशाला गुलामगिरी म्हणतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट २०१५ लागू आहे. गुलामी, दास्य आणि सक्तीची मजुरी हा एक गुन्हा, माणसांची तस्करी हा दुसरा. दोन्हींना जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप. साखळदंड, कुलूप यांची गरज नाही. माणूस काम करतोय ते स्वखुशीने की कसल्यातरी धमकीखाली, हा खरा प्रश्न. धमकी मारहाणीचीच असते असं नाही. होम ऑफिस म्हणजे व्हिसा सांभाळणारं ब्रिटनचं गृहखातं, आणि ‘होम ऑफिसला कळवीन’ हे तीन शब्द पुरतात.

प्रत्येक कमी पगार म्हणजे गुलामगिरी नव्हे, हेही स्पष्ट असलेलं बरं. किमान वेतन बुडवणं हा कामगार कायद्याचा भंग, त्यासाठी वेगळी वाट आहे. पण कमी पगार, त्यात डोक्यावर कर्ज, त्यात पासपोर्ट मालकाच्या कपाटात, त्यात राहायची जागाही मालकाचीच, असं एकावर एक चढत गेलं की चित्र बदलतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणं सांगितली आहेत. कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, एकटं पाडणं, अतोनात जादा काम ही त्यांतली काही. एखादं लक्षण दिसलं तर चौकशी करावी, तीन-चार एकत्र दिसली तर फोन उचलावा.

रहिवाशांच्या बाजूने केअर ॲक्ट २०१४ आहे. त्याच्या सरकारी मार्गदर्शिकेत प्रौढांवरच्या अत्याचाराचे जे दहा प्रकार दिलेत, त्यांत मारहाण, आर्थिक फसवणूक, हेळसांड यांच्या रांगेत आधुनिक गुलामगिरीही आहे. अशी शंका आली की कलम ४२ नुसार चौकशी करणं हे कौन्सिलचं कर्तव्यच ठरतं.

उचल आणि व्हिसा

आता वर्करची बाजू, कारण आपल्याकडच्या घरांशी तिचा थेट संबंध आहे. कोविडनंतर इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये माणसांची चणचण भयंकर वाढली. २०२१-२२ मध्ये सुमारे १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने केअर वर्करचं काम तुटवड्याच्या यादीत घातलं आणि परदेशातून माणसं आणायला दार उघडलं. २०२३ या एका वर्षात हेल्थ अँड केअर व्हिसा मुख्य अर्जदार म्हणून मिळालेल्यांची संख्या १ लाख ४६ हजारांवर गेली. यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. केरळचे लोक ठळक दिसत, पण नर्सिंगचा कोर्स केलेल्या किंवा नुसत्याच पदवीधर मराठी मुली-मुलंही गेली.

हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. मालकाकडे सरकारी स्पॉन्सर लायसन्स हवं. तो ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देतो, त्यालाच सगळे ‘कॉस’ म्हणतात. नोकरी गेली की होम ऑफिस साधारण ६० दिवस देतं. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा.

खरं तर वर्करचा खर्च फार नाही. तीन वर्षांपर्यंतच्या या व्हिसाची फी तीनशे पौंडांच्या आसपास आहे आणि आरोग्य अधिभार माफ आहे. कॉसची फी मालकाने भरायची असते. नोकरी लावून देण्यासाठी काम शोधणाऱ्याकडून पैसे घेणं ब्रिटनमध्ये १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टपासून बेकायदा आहे. तरीही एजंटांना दहा-दहा, वीस-वीस लाख रुपये दिल्याच्या तक्रारी सर्रास आल्या. शेत गहाण, आईचे दागिने, सावकाराचं कर्ज, सगळ्याची किंमत त्या एका कागदात.

बीड-धाराशिवकडच्या वाचकाला हे समजवायला नको. दिवाळीआधी मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, तेच हे. फरक एवढाच की ऊसतोडीत फड सोडून पळालेल्या माणसाला निदान आपल्याच राज्यात पळता येतं. इथं कामावरून हललं की देशात राहायचा हक्कच हलतो.

सरकारी यंत्रणा काय करत होती? सीमा आणि इमिग्रेशनच्या स्वतंत्र निरीक्षकाचा या विषयावरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये बाहेर आला. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावावर २७५ कॉस दिले गेले होते. लायसन्स घेताना ‘आमच्याकडे चार कर्मचारी आहेत’ म्हणणाऱ्या एका कंपनीला १,२३४ कॉस मिळाले होते. विमानातून उतरल्यावर ‘काम सध्या नाही, कळवू’ असं ऐकलेल्या माणसांच्या हकिगती का येत राहिल्या, हे या दोन आकड्यांतच कळतं.

मग बडगा उगारला गेला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून अधिक लायसन्स रद्द झाली. त्या मालकांशी जोडलेले वर्कर ३९ हजारांहून जास्त. मालक फसवा निघाला आणि घड्याळ सुरू झालं वर्करचं, तेच ६० दिवसांचं. ही व्यवस्था वर्करला तक्रार न करण्याचा सल्ला देते, असंच मी म्हणेन. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये यावर एक उपाय काढला: कामावर अन्याय झालेल्या परदेशी कामगाराला हक्कासाठी भांडता यावं म्हणून ‘वर्कप्लेस जस्टिस’ नावाचा छोट्या मुदतीचा व्हिसा. ब्रिटनमध्ये केअर वर्करसाठी तशी सोय नाही.

उत्तर वेल्समधलं एक प्रकरण विद्यार्थ्यांचं होतं. ॲबर्गेली, पुल्हेली, लँडुडनो, कोल्विन बे या समुद्रकाठच्या गावांतल्या केअर होम्समध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्या पन्नासहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांचं शोषण झाल्याचा संशय कामगार-शोषणविरोधी प्राधिकरणाने, जीएलएएने, फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला. पगार अडवणं, कमी देणं हे आरोप. न्यायालयाने केरळच्या मूळच्या पाच जणांवर प्रतिबंधक आदेश काढला. तो आदेश म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, पुढचं नुकसान थांबवण्यासाठीचा बंदोबस्त. या प्रकरणाची सुरुवात कशाने झाली ते पाहा: ही मुलं कायम दमलेली दिसतात, अंगाला वास येतो, रहिवाशांच्या ताटातलं उरलेलं खातात, असं लोकांनी कळवलं होतं. ती केअर होम्स होती, तिथं इतर कर्मचारी होते, स्वयंपाकी होते, म्हणून कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं. सपोर्टेड लिव्हिंगच्या घरात ताटात उरलेलं कुणी खाल्लं हे बघायला तिसरा माणूस नसतो.

रोटा आणि पेस्लिप वाचायला शिका

पिळवणूक पकडायची तर भाषणांपेक्षा दोन कागद जास्त कामाचे आहेत.

पहिला रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक. सांगलीहून आलेली एक सपोर्ट वर्कर धरू. सोमवारी सकाळी आठ ते रात्री दहा ‘लाँग डे’. त्याच घरात रात्री दहा ते सकाळी सात ‘स्लीप-इन’, म्हणजे छोट्या खोलीत झोपायचं आणि गरज पडली तर उठायचं. मंगळवारी सात ते तीन ‘अर्ली’. एकूण एकतीस तास ती घराबाहेर पडलेली नाही. पगाराचे तास मात्र बावीस, आणि स्लीप-इनचे ठरावीक पैसे. हे आपोआप बेकायदा नाही. मेनकॅप या बौद्धिक अक्षमतेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२१ रोजी स्पष्ट केलं की स्लीप-इनमध्ये झोपेचे तास किमान वेतनात मोजले जात नाहीत, कामासाठी जागं राहावं लागलं तेवढेच मोजले जातात. मेख तिथेच आहे. रहिवासी रात्री चारदा उठला, हिने त्याला स्वच्छ केलं, चादर बदलली, तर ते तास नोंदवले कुणी? नोंदवहीत ‘रात्र शांत’ असं रोज एकाच अक्षरात दिसत असेल आणि वॉशिंग मशीनमध्ये रोज सकाळी चादरी असतील, तर मॅनेजरने विचारायला हवं. खरं तर त्या घराला स्लीप-इन नव्हे, ‘वेकिंग नाइट’ची, म्हणजे पूर्ण पगाराच्या जागत्या पाळीची गरज असते. ती महाग पडते म्हणून टाळली जाते.

आठवडाभर असाच रोटा असेल, दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती कधीच पडत नसेल आणि बदली देणारा कुणी नसेल, तर तो नियोजनाचा गोंधळ राहत नाही.

दुसरा कागद पेस्लिप. एप्रिल २०२५ पासून किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. पण वरच्या आकड्यावर जाऊ नका, खाली कपातीकडे पाहा. मालकानेच राहायला जागा दिली असेल तर किमान वेतनाच्या हिशेबात तो रोज १०.६६ पौंडच धरू शकत होता, म्हणजे आठवड्याला ७४.६२. एका खोलीत तिघी आणि प्रत्येकीचे सव्वाशे पौंड कापलेले असतील, तर या मर्यादेवरची रक्कम किमान वेतनाच्या हिशेबातून वजा होते आणि पगार कायद्याच्या खाली जातो. ‘ट्रेनिंग’, ‘ॲडमिन’, ‘ट्रान्सपोर्ट’ अशा नावांनीही तेच होतं. एका घरातून दुसऱ्या घरी कामासाठी जाण्याचा वेळ हा कामाचाच वेळ असतो, तोही अनेकांच्या हिशेबात सापडत नाही.

आणि पगार जातो कुठल्या खात्यात? केंब्रिजशायरमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानात आणि दुसरीकडच्या एका ब्रेड कंपनीत चेक प्रजासत्ताकातून आणलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षं सक्तीने काम करून घेतल्याचं प्रकरण सर्वश्रुत आहे. दुकानातल्या किमान चौघांचा पगार एकाच खात्यात जात होता आणि पगारवाटपाच्या पडद्यावर ते कुणालाच खटकलं नाही. केअर कंपनीच्या हिशेबनिसाला महिन्यातून एकदा दहा मिनिटं काढून खाते क्रमांक, पत्ते आणि मोबाइल नंबर जुळतायत का ते पाहता येतं. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मोठ्या कंपन्यांना आणखी एक सोपस्कार आहे. वर्षाची उलाढाल ३.६ कोटी पौंड किंवा अधिक असेल तर मॉडर्न स्लेव्हरी ॲक्टच्या कलम ५४ नुसार दरवर्षी गुलामगिरीविरोधी निवेदन काढावं लागतं. गंमत म्हणजे ‘आम्ही काहीच पावलं उचललेली नाहीत’ असं निवेदन दिलं तरी कायदा पाळला जातो. सपोर्टेड लिव्हिंगमधले पुष्कळ धंदे या मर्यादेच्या खालीच असतात. संकेतस्थळावर सुंदर निवेदन दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये.

किल्ली कुणाकडे?

रहिवाशाच्या बाबतीत शोषण बहुतेक वेळा मैत्रीच्या वेशात येतं. एकटा राहणारा, कुणी गोड बोललं की खूश होणारा, वेळेवर भत्ता मिळणारा माणूस हेरला जातो. आधी चहा, मग रात्रीचा मुक्काम, मग घरात अमली पदार्थांची पाकिटं. पोलिस याला कोकिळेवरून ‘ककूइंग’ म्हणतात. दुसऱ्याच्या घरट्यात घुसून बसणं हा वेगळा गुन्हा ठरवण्याची तरतूद फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत आलेल्या विधेयकात केली गेली. अशा दबावाखाली रहिवाशाने स्वतः पाकीट पोचवलं असेल, तर २०१५ च्या कायद्याचं कलम ४५ त्याला बचावाची वाट देतं. ती वाट आहे हे वकिलाला सांगायला मात्र कुणीतरी हवं.

लिंकनशायरमध्ये एका कुटुंबातल्या अकरा जणांना २०१७ मध्ये शिक्षा झाल्या. त्यांनी किमान अठरा जणांना मोडक्या कॅराव्हॅनमध्ये ठेवून फुकट राबवलं होतं. त्यांतले काही बेघर, काही बौद्धिक अक्षमता असलेले. एक जण सव्वीस वर्षं अडकला होता. कुणी चौकशी करणार नाही अशी माणसंच निवडली होती.

सपोर्ट वर्करला यातलं बरंच आधी दिसतं. बँकेचं कार्ड जागेवर नाही. फ्रिज रिकामा, पण घरात नवे महागडे बूट. रहिवासी स्वतःच्या बेडरूमऐवजी सोफ्यावर झोपलाय. नेहमी आत घेणारा माणूस दार अर्धंच उघडून ‘आज नको’ म्हणतो. इथे मानसिक क्षमतेचा २००५ चा कायदा आडवा येतो आणि यावाच: प्रौढ माणसाला वाईट मित्र निवडायचाही हक्क आहे, त्यामुळे वर्करने दार तोडायचं नसतं. पण दिसलं ते त्याच दिवशी वेळेसकट लिहायचं, हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना सांगायचं, मॅनेजरमार्फत कौन्सिलच्या सेफगार्डिंगकडे, म्हणजे संरक्षण विभागाकडे पाठवायचं. आणि रहिवाशाशी एकट्याशी बोलायचं, तो ‘मित्र’ किंवा दुसरा वर्कर खोलीत नसताना.

एकट्याशी बोलण्याचा हा नियम वर्करलाही लागू. सुपरव्हिजनच्या बैठकीत फॉर्म भरण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारावेत. पासपोर्ट कुठे आहे? इथे यायला कुणाला किती दिले, अजून देणं आहे का? राहता कुठे, एका खोलीत किती जणं? सुट्टीच्या दिवशी काय केलं? भाषेची अडचण असेल तर दुभाषा बाहेरचा घ्यावा. त्याच गावचा सहकारी घेतला आणि तोच मुकादमाचा माणूस निघाला तर सगळं मुसळ केरात.

सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र मॅनेजरच्या हातात नाही. नोकरी, घर आणि व्हिसा या तीन दोऱ्या एकाच हातात जाऊ न देणं हा तो उपाय. कौन्सिल कंत्राट देताना हे विचारू शकते, आणि ताशी दर असा देऊ शकते की त्यात कायदेशीर पगार, प्रवासाचा वेळ आणि जागती रात्र बसेल. सर्वांत स्वस्त निविदा घ्यायची आणि नंतर शोषणावर कार्यशाळा भरवायची, याला मी गांभीर्य म्हणत नाही. २००४ मध्ये मोरकॅम्ब बेच्या भरतीत शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर बुडाले, तेव्हा शेती आणि शिंपल्यांच्या क्षेत्रात मजूर पुरवणाऱ्यांना लायसन्स सक्तीचं झालं. त्यात केअरचा समावेश झाला नाही.

फोन कुणाला करायचा

जीव धोक्यात असेल तर ९९९. नुसती शंका असेल, किंवा स्वतःबद्दलच विचारायचं असेल, तर ‘अनसीन’ या संस्थेची हेल्पलाइन आहे: ०८००० १२१ ७००. नाव न सांगता बोलता येतं. अधिकृत मदतीसाठी ‘नॅशनल रेफरल मेकॅनिझम’ आहे. त्यात नाव पाठवणं पोलिस, कौन्सिल, साल्व्हेशन आर्मी अशा ठरलेल्या संस्थांनाच जमतं, मालकाला किंवा केअर कंपनीला नाही. प्रौढ व्यक्तीची संमती लागते. प्राथमिक निर्णय अनुकूल आला की किमान ३० दिवसांचा सावरायचा काळ, निवारा, सल्ला मिळतो. २०२४ मध्ये या यंत्रणेकडे १९,१२५ संभाव्य पीडितांची नावं गेली. तिथे नाव गेलं म्हणजे व्हिसा आपोआप मिळतो असं नाही, म्हणून आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी किंवा युनिसनसारख्या युनियनशी बोललेलं बरं. लायसन्स रद्द झाल्याने अडकलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये विभागवार नोकरी जुळवून देण्याची व्यवस्था उभी केली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये स्पॉन्सरना आधी अशा लोकांमधून भरती करायचा प्रयत्न दाखवण्याची अट घालण्यात आली.

महाराष्ट्रातून अजून कुणी निघायच्या तयारीत असेल त्यांच्यासाठी एक तारीख: २२ जुलै २०२५. त्या दिवसापासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्करच्या कामासाठी परदेशातून नवे अर्ज घेणं ब्रिटनने बंद केलं आहे. आधीपासून तिथं असलेल्यांना ठरावीक अटींवर दुसऱ्या व्हिसावरून या व्हिसावर येता येतं, तेही २२ जुलै २०२८ पर्यंतच. नर्सची वाट वेगळी आहे आणि ती चालू आहे. त्यामुळे पुण्यात, कोल्हापुरात किंवा मडगावात बसून कुणी ‘केअर व्हिसा, यूके, दोन महिन्यांत’ असं व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर तो नसलेली वस्तू विकतोय. नर्सच्या किंवा दुसऱ्या देशाच्या नोकरीबद्दल बोलत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. तिथे नोंदणीकृत एजंटांची यादी आहे आणि बेकायदा एजंटांचीही. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते.